गाडीखान्याची भिंत

माय, भिंत कोरडी आहे. आज सकाळी कुडामागे हात घालून मूठभर कडबा ओढला, मोडताना तो कडकन वाजला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही, म्हणून तुला लिहायला घेतलं.

पोरगी पहिल्या बाळंतपणाला येते आहे, ऐन थंडीत. घरात जागा नाही, म्हणून गाडीखान्याची खोली करायची मी ठरवलं. "अन् गाडी कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर?" असं म्हणत यांनीच गाडी बाहेर काढली. दगडी भिंतीपासून आत हातभर सोडून तुराट्यांचा कूड बांधला, मधल्या पोकळीत कडबा ठासला, आणि जिथं फट दिसली तिथं चिखल थापला. "आता वाऱ्याच्या बापालाबी शिरता येणार न्हाई," म्हणाले. ऊब खरंच लई आली. बाळंतिणीला लागेल तशी मी रोज शेगडी पेटवून पाहिली, पाणी उकळून पाहिलं. आठवड्यानं कुबट वास सुटला. कूड उकलला तर कडबा काळा पडलेला, दगडांवर पाणी. बाहेर तर टिपूसही पडला नव्हता. तान्हं लेकरू या ओलीत कसं निजवायचं?

आणि तुझी चूल आठवली. मी लहान आहे, केजच्या बाजारातून आणलेल्या नव्या पितळी डब्यात गरम भाकरी घालून झाकण दाबते आहे, आणि तू ओरडतेस, "कावून कोंडलीस तिला? वाफ जाईल कुठं? घाम फुटतोय बघ."

यांना सांगितलं तर हसले. "भिंत म्हंजी काय भाकर हाय का?" पण पहार घेऊन उठलेच. बाहेरच्या अंगानं, वळचणीखाली झरोके पाडले, सुका कडबा भरला. आतून कूड मी शेणमातीनं दोनदा सारवला. खोलीतली वाफ कडब्यापर्यंत पोचू नये, पोचलीच तर तिला बाहेरची वाट असावी. मग पुन्हा तशीच शेगडी, तसंच पाणी, आणि आजची सकाळ.

उद्या धर्मापुरीला गाडी जाईल, पोरीला आणायला. बाज आत नेली आहे. तू गेलीस, हा कागद आता कुणाच्या हाती द्यायचा नाही, म्हणून एक सांगते. सारवताना सारखं वाटत होतं, तू मागं उभी राहून एखादी राहिलेली भेग दाखवशील. मी दिवा घेऊन सगळी भिंत पाहिली. एकही भेग सापडली नाही, आणि मला थोडं वाईटच वाटलं.