पाणी उकळून प्यावे

आई, आज दिवसभर मी फोनवर एकच वाक्य सांगत होते, पाणी आता चांगलं आहे, आणि कुणी मानायला तयार नव्हतं. वाक्य खरं आहे. तपासणीचा अहवाल माझ्या टेबलावर पडलाय. तरी एक बाई म्हणाली, "तुमचं हापिस तवाबी हेच म्हणत व्हतं." संताप आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून तुला लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा मला नोकरीही लागली नव्हती. आता मी इथं शहरात एका सरकारी कार्यालयात प्रसिद्धीपत्रकं लिहिते. लोकांना काय सांगायचं, ते आमच्या टेबलावर ठरतं.

तू सिल्लोडच्या बाजूला उपकेंद्रात नर्स होतीस. सुट्टीत घरी कुणी नसलं की मलाही सोबत न्यायचीस. अजून दिसतं ते. व्हरांड्यात बायांची रांग आहे. ओढणीत बाळ गुंडाळलेली एक बाई विचारते, "सिस्टर, बुखार आएगा क्या?" तू लस भरता भरता वर न बघता म्हणतेस, "आएगा. दो दिन रहेगा. पाँव भी सूजेगा. ये गोली आधी तोड़के देना." मला वाटायचं, एवढं ऐकल्यावर ही उठून जाणार. ती जायची नाही. पुढच्या खेपेला शेजारणीलाही घेऊन यायची आणि तिला सांगायची, "सिस्टर बोली थी बुखार आएगा करके, वैसाच आया." त्याच व्हरांड्यात एक पोरगी रडत होती, तिला मी म्हणाले, काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं. तू सगळ्यांदेखत मला थांबवलंस. "खोटं कशाला सांगितलं तिला? सुई टोचली की कळंलच. मग उद्या मी खरं सांगितलं तरी ती ऐकायची नाय." मी रुसून डबा खाल्ला नाही. तू समजूतही काढली नाहीस.

गेल्या महिन्यात एका वसाहतीत पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं. नमुना पिण्यास अयोग्य असल्याचा अहवाल दुपारी आला. मी पत्रक लिहिलं आणि पहिलीच ओळ घातली, पुढील सूचनेपर्यंत पाणी उकळून प्यावे. साहेबांनी ती ओळ खोडली. "मॅडम, लोक घाबरतील. जलवाहिनीची किरकोळ दुरुस्ती सुरू आहे, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, असं घ्या." मी म्हणाले, "सर, अफवा कुठली, अहवाल आलाय." ते म्हणाले, "दुसरा नमुना पाठवलाय ना? तो येऊ द्या. उगाच उद्या पेपरात आपली अब्रू." ते ओरडले नाहीत, दमही दिला नाही. चहा मागवला. आणि मी त्यांनी सांगितलं तसं टाइप केलं. नोकरी जाईल अशी भीतीही नव्हती, आई. वाद वाढवायचा कंटाळा आला होता, एवढंच.

माझे ब्लाउज शिवणारी ताई त्याच वसाहतीत राहते. फुलंब्रीची आहे, माझ्याहून लहान, पण मी तिला ताईच म्हणते आणि ती मला. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, नळाला वास येऊ लागलाय. तुमच्याकडं काय म्हणतात? पोरीला पाजू का नको?" मी तिला पत्रक वाचून दाखवलं, जसंच्या तसं, किरकोळ दुरुस्तीपासून अफवांपर्यंत. ती म्हणाली, "बरं झालं बाई तुम्हाला इचारलं. इथं लोक काहीबाही बोलतात." चौथ्या दिवशी तिची पोरगी क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात सलाईनवर होती. जुलाब थांबत नव्हते. मी फळं घेऊन गेले. मला वाटलं होतं, ती भांडेल. तिनं मला बसायला स्टूल दिलं आणि पोरीच्या पायावरून हात फिरवत म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून पाजलं वो." बास. तिच्या बोलण्यात रागही नव्हता. पोरगी पुढं बरी झाली, पण माझा ब्लाउज तिनं शिवून दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवला.

आता दुरुस्ती झाली, पाणी खरंच चांगलं आहे, आणि ती वसाहत जार विकत घेते. ज्यांना जार परवडत नाही ते दुसऱ्या गल्लीतल्या बोअरला हंडे घेऊन जातात, आणि त्या बोअरचं पाणी खराब आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तेही आम्ही सांगितलं. कोण ऐकतंय? आज साहेब म्हणाले, "लोकांचा विश्वास वाढेल असं एक पोस्टर करा, विश्वास हा शब्द जरा ठळक घ्या." मी संगणकासमोर बसून तो शब्द मोठा करत होते, लहान करत होते. तू म्हणाली होतीस तेच झालं, आणि तू म्हणाली होतीस हे मला ठाऊक असताना झालं, याचाच जास्त राग येतो.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून राहिलेलं एक लिहिते. ताईला हे सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. आमच्या गल्लीलाही त्याच जलवाहिनीचं पाणी येतं. तिचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. एका हातात फोन धरून तिला ते पत्रक वाचून दाखवत होते, आणि समोर गॅसवर माझ्या घरचं पिण्याचं पाणी उकळत होतं.