नेम धरणारा डोळा

प्रिय ठमाबाई,

एकाच घरात राहून आई पत्र लिहिते म्हणजे डॉक्टरांनी गुडघ्याबरोबर डोकंही उघडलं की काय, असं तुला वाटेल. गुडघा ठीक आहे. ऑपरेशनमुळे शूटिंग रेंजवरची नवी बॅच सहा आठवडे तुझ्याकडे दिली, ती नाइलाजाने. माझ्यानंतर नेमबाजी कोणी शिकवायची, ते नाव शनिवारपर्यंत क्लबला कळवायचं होतं आणि माझ्या मनात माझा सहायक होता. तू काय, सतराव्या वर्षी नेमबाजी सोडलेली आणि आता रायफली दुरुस्त करणारी.

गुरुवारी न सांगता येऊन काचेमागे बसले, खरं तर तुझ्या चुका काढायला. तासभर तू कुणाला रायफलच दिली नाहीस. दोन्ही तळहातांची छोटी खिडकी करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलंस, मग एकेक डोळा मिटायला. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं, तो नेम धरणारा डोळा. आठांपैकी तिघांचा डावा निघाला. त्यांना तू रायफल डाव्या खांद्याला लावायला सांगितलीस. मी तीस वर्षं सगळ्यांना सरसकट उजव्या खांद्यावर शिकवलं आणि डावा डोळा मिटा म्हणून ओरडत राहिले.

बॅचमधल्या त्या शिवणकाम करणाऱ्या मावशी किती घाबरल्या होत्या. नळी निशाणाकडेच, बोट खटक्याबाहेर, हे तू त्यांच्याकडून चारदा वदवून घेतलंस. कोपर कमरेला टेकवून दिलास. खटका ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा, म्हणालीस. छर्रा सुटल्यावरही त्यांना तसंच उभं ठेवलंस: छर्रा गेला, तुम्ही जाऊ नका. हे वाक्य माझं आहे, ठमे. ते ऐकून माझी कॉलर ताठ झाली. मावशींचे पाचपैकी चार छर्रे काळ्या वर्तुळात बसले आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

मग मला तुझा तेव्हाचा चेहरा आठवला. डावा डोळा गच्च मिटून विसाव्या छर्र्यापर्यंत तुझा गाल थरथरायला लागायचा, छर्रे भरकटायचे आणि मी सगळ्यांसमोर तुला धांदरट म्हणायचे. निवड चाचणीत तू शेवटून दुसरी आलीस, तेव्हा पोरीत दम नाही, असं मीच तुझ्या मामाला सांगितलं. काल स्वयंपाकघरात तुला सहज विचारलं, तुझा कुठला डोळा गं? डावा, म्हणालीस आणि कांदा चिरत राहिलीस. तुला हे कधी कळलं, ते विचारायचं धाडस माझं झालं नाही.

क्लबला तुझं नाव कळवलंय. मुलगी म्हणून नाही, तीस वर्षांत मला दिसलं नाही ते तुला दिसलं म्हणून. तुझा मला फार अभिमान वाटतो. आणि दम तुझ्यात कमी नव्हता, चूक माझी होती. समोर बसून हे सांगायला गेले असते, तर मध्येच तुझ्या कोपराबद्दल काहीतरी बोलून बसले असते, म्हणून लिहिलं.

तुझीच, आणि सोमवारपासून तुझ्या हाताखालची,
आई