चौथे पान

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
१४ ऑगस्ट २००४

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

येथे पाणी एक दिवसाआड येते. तुझ्या आईने जास्वंदीच्या कुंड्या गॅलरीत आणवल्या. तिचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

तिच्या तपासणीचे चारही कागद तू ईमेलने मागितलेस, त्या दिवसाबद्दल लिहितो. सायबर कॅफेतील सुझानने ते स्कॅन केले. पीडीएफ नऊ एमबीची झाली. माझ्या खात्यातून दोनपेक्षा मोठी फाइल जात नाही. तिने रंग काढले, रेझोल्युशन उतरवले, तेव्हा ती दीडवर आली.

चाळीस वर्षांच्या वकिलीत नक्कल मुळाशी ताडल्यावाचून मी एकही दस्त दाखल केला नाही. त्याप्रमाणे मूळ कागद हाती धरून पडद्यावर वाचत गेलो. तीन पाने स्वच्छ होती. चौथ्यावर लॅबचा निष्कर्ष फिक्या शाईत आहे; तिथे नुसते करडे ठिपके उरले होते.

सुझान म्हणाली, “काका, हे वाचता नाय येणार. वेगळं पाठवू ना, पाच मिनिटांचं काम. काल एका स्वल्पविरामासाठी प्रिंट परत काढायला लावलीत, आणि आज हे चालतं?”

मी तसेच पाठवण्यास सांगितले.

तुझ्या उत्तरात दोन वाक्ये होती. पहिले, तीन पानांत काळजीचे काही नाही. दुसरे, चौथे पान वाचता येत नाही, ताबडतोब पुन्हा पाठवा. तुझ्या आईला मी पहिलेच वाचून दाखवले. त्या दिवशी तिने केळफुलाची भाजी केली.

याला अकरा दिवस झाले. तू दोनदा फोन केलास. कॅफे बंद आहे, असे मी सांगितले. कॅफे उघडा होता.

मूळ चौथ्या पानावरची शेवटून दुसरी ओळ मी त्याच दिवशी वाचली होती. तुला ती वाचता आली नाही, तर काही काळ ती खरी ठरणार नाही, असा माझा तर्क. प्रतिपक्षाने तो मांडला असता, तर मी त्याला दोन मिनिटेही उभे राहू दिले नसते.

आज सकाळी ते पान स्वतंत्र, पूर्ण आकारात पाठवले. पाचच मिनिटे लागली. झेरॉक्स सोबत आहे. अकरा दिवसांनी काय बिघडले ते मला सांग. कमी करून सांगू नकोस.

पाकीट चिकटवले की तुझ्या आईसमोर बसून तुझे दुसरे वाक्य वाचीन. मग चौथे पान. हे केव्हाचे, असे ती विचारील. मी तारीख सांगेन.

तुझे, पहिल्या वाक्यावर थांबलेले,
बाबा