टेपिरचा जबडा

१९ जाने., हॅरिस पार्क, सिडनी
जेवण झाल्यावर सुहासने परत बाल्कनीत ओढलं. उत्तरेला रोहिणी, शेजारी बारक्या चांदण्या, मिळून एक कोन. म्हणे दक्षिण अमेरिकेतले लोकोनो लोक याला टेपिरचा जबडा म्हणतात. टेपिर म्हणजे डुकरासारखा, आखूड सोंडेचा प्राणी. आकाशातला तो खालच्या सगळ्या टेपिरांचा धनी. मी विचारलं, मग आपला धनी कोण? हसला. घरी सांगितलंय अकाउंटिंग शिकतोय, आणि इथे हे उद्योग! काकू, त्याची आई, सोलून काढतील.

२३ जाने.
सु.ला मारलं. स्टेशनवरून चालत येताना. मोबाइल दिला तरी मारलं. बेल वाजली, दार उघडलं तर हा एकटाच पायरीवर पडलेला. शर्ट लाल, जबडा एका बाजूला लोंबतोय. बोलायला गेला आणि दात पडला. मी तो दुधात घालून फ्रीजमध्ये ठेवला.

२५ जाने.
जबडा तारेने बांधलाय. स्ट्रॉने वरणाचं पाणी. पोलीस मला म्हणतो, मोबाइल हातात धरून फिरू नका, मेट. हात शिवशिवले. संध्याकाळी सु. आवळल्या दातांतून दोनच शब्द बोलला. "लाल टोपी." खालच्या मजल्यावरचा गुरप्रीत, टॅक्सी चालवतो, म्हणाला, "पुलिस छोड़. बल्ला ला."

२८ जाने.
कारपार्कमागे सापडला. विशीतला, लाल टोपी, एकटा. पहिला फटका गुरप्रीतचा, गुडघ्यावर. दुसरा माझा, तोंडावर. हात वर करून काहीतरी सांगत होता. कोण ऐकतंय! बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. घरी येऊन बॅट नळाखाली धरली.

३१ जाने.
सु.ला सांगितलं. वाटलं खूश होईल. स्ट्रॉ खाली ठेवला आणि आवळल्या दातांतूनच म्हणाला,
"टोपीवाल्याने मला सोडवलं. दारापर्यंत आणलं त्याने."
लाल टोप्या काय, शंभर असतील सिडनीत. असतीलच ना.

२ फेब्रु.
आम्ही मारला तो पोरगा हॉस्पिटलात आहे. जबडा मोडलाय, बोलत नाही. गुरप्रीत म्हणतो चुप रह, नाहीतर पीआर विसर, इथे कायमचं राहणं विसर. खरंय, पहिल्या विमानाने परत पाठवतील. बाबांना काय तोंड दाखवू?
सु. सकाळी आंघोळ करून तयार. त्याला बघायला जायचंय, मी बरोबर हवा. "तोच असला तर पोलिसांना तू सांगायचंस. नाहीतर मी सांगेन."
बॅट तीनदा धुतली, मुठीच्या दोऱ्यात अजून लाल आहे. बूट घातलेत, पलंगावर बसलोय. सु.ला हाक मारता येत नाही, जिन्यात उभा राहून कठडा ठोकतोय.