पार्सलात काय होतं

१७ जानेवारी १९९९, रविवार
थोरल्या भावाकडे, ओरिनकडे गेलो. नेल्डाने खिमा-राजम्याची चिली केली होती. माझी वहिनी बाकी कशीही असो, चिली उत्तम करते. ओरिनच्या नाकात आता दिवसभर नळी असते. आयुष्यभर फाउंड्रीत ओतकाम करून साच्यांची वाळू छातीत भरून घेतली, दुसरं काय होणार. डॉक्टर म्हणतो, वसंत ऋतूपर्यंत. डॉक्टरांना काही कळत नाही. याच डॉक्टरने माझ्या गुडघ्याला संधिवात म्हटलं होतं.

जेवण झाल्यावर त्याने ती टेप लावली. हूपर कासवाचं पार्सलवालं कार्टून, पंधराएक वर्षांपूर्वी टीव्हीवरून उतरवलेलं, मध्ये गाद्यांच्या जाहिराती, आणि शेवट कापलेला. पोस्टमन हूपर बुलडॉगच्या घरी पार्सल आणतो, बुलडॉग ते घ्यायला तयार नसतो, मारतो, ढकलतो, विहिरीत टाकतो, तरी हूपर पुन्हा दारात. शेवटी बुलडॉग पार्सल फोडायला घेतो आणि तिथेच टीव्हीवाल्यांनी कात्री चालवलीय. आम्ही अख्खं पाहिलं होतं, लहानपणी, शनिवारच्या मॅटिनीला. पार्सलात बॉम्ब होता. ओरिन म्हणतो केक. माझी जन्मभराची डोकेदुखी.

आजही तेच. म्हणे, केक होता रे डेन, आणि त्या केकवर... मी म्हटलं, केकबिक काही नाही, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि बोलू नकोस, खोकला येईल. आला.

मग म्हणाला, मरायच्या आधी एकदा तो शेवट बघू दे. तुझ्याकडे तर सगळ्या जगाची कार्टुनं आहेत. मी म्हटलं, अख्खा, न कापलेला, मूळ रंगातला दाखवतो. आणि ही घाण टेप माझ्याकडे दे, ही बघून तुझे डोळे खराब होतील. नेल्डा म्हणाली, राहू दे ना, त्याला रोज लागते. मी कोटाच्या खिशात घालून आणली.

१८ जानेवारी
टेप कचऱ्यात. माझ्यासारख्या माणसाच्या घरात असली वस्तू एक रात्रही राहता कामा नये. शनिवारी ओरिनकडे शो. पाच कार्टुनं, पार्सल शेवटी. क्रम विचारपूर्वक लावायचा.

२० जानेवारी
बॉक्स खाली काढला. हूपरची सगळी कार्टुनं, लेझर डिस्कवर. ताटाएवढ्या चकचकीत डिस्क, सोबत जाड पुस्तिका. कंपनीने असे बॉक्स थोडेच काढले आणि मग काढणंच बंद केलं. इंडियानापासून पेनसिल्व्हेनियापर्यंत माझ्याएवढा स्वच्छ नग कुणाकडे नसेल. अजून प्लॅस्टिकमध्ये आहे. कोपऱ्यालासुद्धा टाचणीएवढं भोक नाही.

अडचण अशी की तो सीलबंद आहे. खरा संग्राहक दोन घेतो, एक बघायला आणि एक न बघायला. मला तेव्हा न बघायचाच मिळाला. तो फोडायचा म्हणजे काय ते ओरिनला कळणार नाही, नेल्डाला तर मुळीच नाही. उपाय सोपा आहे. क्लीव्हलंडच्या फिट्झला फोन केला, तोही संग्राहक. त्याच्याकडे फोडलेला एक आहे. पाठवतो म्हणाला. चार दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं.

२३ जानेवारी, शनिवार
शो पुढे ढकलला. ओरिनला फोन करून सांगितलं. म्हणाला, ठीक आहे, तू नुसता ये, यूकर खेळू, नेल्डा पत्त्यांत लबाडी करते, मला कुणीतरी साक्षीदार हवाय. मी म्हटलं, मला कॅटलॉग लावायचाय. मी काय रिकामा बसलोय?

कॅटलॉग लावला नाही. झोप लागली.

२९ जानेवारी
ओरिनचा फोन. हल्ली वाक्य अर्ध्यात थांबवतो आणि श्वास घेऊन पुढे नेतो, ऐकणाऱ्याला फार त्रास होतो. म्हणाला, तुझं येईल तेव्हा येईल, माझी जुनी टेप परत दे. मी म्हटलं, ती साफ करायला टाकलीय. एका अर्थाने खरंच आहे.

शिवाय त्याचा टीव्ही. त्यावर बर्फसुद्धा हिरवा दिसतो. हूपरचं कवच त्यावर दाखवणं म्हणजे पाप. ठरवलं, माझा टीव्ही आणि माझा प्लेयर पिकअपमध्ये घालून न्यायचा. जड आहे. उद्यापासून पाठीचे व्यायाम.

३० जानेवारी
पाठ धरली.

५ फेब्रुवारी
फिट्झचं पार्सल आलं. कोपरा चेपलेला. तेही सोसलं असतं. पण तिसऱ्या डिस्कच्या पाकिटात, ज्यात आपलं कार्टून असायला हवं, त्यात बायकांच्या व्यायामाची डिस्क! फिट्झला फोन करून नाही नाही ते बोललो. तो म्हणे, माझ्या घटस्फोटात डिस्कांची अदलाबदल झाली असणार, शोधतो. मी सगळं परत पाठवलं. तत्त्व म्हणून काही आहे की नाही.

नेल्डाला फोन करून परिस्थिती समजावली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, डेन, ते प्लॅस्टिकच आहे ना रे? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरातल्या कात्रीला कळेल, पाठवू का?

अशा बोलण्यामुळेच माणसं एकमेकांकडे जायची थांबतात.

११ फेब्रुवारी
बॉक्स मांडीवर घेऊन बसलो. प्लॅस्टिकच्या शिवणीला नख लावलं. ओरिनसाठी माणूस काय करणार नाही. पण विचार केला. एकदा हवा लागली की डिस्क बिघडायला लागते, पुन्हा सील करता येत नाही. ओरिन बरा झाला, आणि छातीचे आजार उन्हाळ्यात हमखास बरे होतात, तर मी उगाच घाई केली असं त्यालाच वाटेल.

कुणी म्हणेल, आपण खोटे ठरू म्हणून हा फोडत नाही. हास्यास्पद आहे. बॉम्बच होता. वात पेटल्याची सुरसुर अजून माझ्या कानात आहे.

नख काढून घेतलं. बॉक्स कपाटात.

१६ फेब्रुवारी
आज विजयाचा दिवस.

ओरिनची खाट आता बाहेरच्या खोलीत, खिडकीशी आणलीय. एवढासा झालाय. लहानपणी मला खांद्यावर बसवून मॅटिनीला न्यायचा तो हा, असं एक क्षण वाटलं, मग खिडकीबाहेर बघितलं. म्हणाला, आणलंस? मी फिट्झची हकिकत सांगायला लागलो. त्याने हात वर केला. म्हणाला, बरं, तू जिंकलास, बॉम्ब होता, तू म्हणतोस तसा. फक्त तो... मी म्हटलं, फक्तबिक्त चालणार नाही, सरळ म्हण. तो म्हणाला, बॉम्ब होता. मी पुन्हा म्हणायला लावलं. नेल्डा साक्षीला हवी होती, पण ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

मग ओरिन म्हणाला, आता झालं ना मनासारखं, आता जरा बस माझ्यापाशी. बसायचंच होतं. पण बर्फ पडायला लागला होता आणि माझ्या मागच्या टायरना पकड नाही. टायर बदलायला हवेत.

एवढ्या वर्षांनी कबूल केलं! येताना गाडीत एकटाच शिट्टी वाजवत होतो. आता घाई उरली नाही. प्रश्न मिटला, कार्टून केवळ आनंदासाठी बघायचं.

२२ फेब्रुवारी
नवा बेत, आधीपेक्षा चांगला. एप्रिलमध्ये ओरिनचा वाढदिवस. मोठा शो करायचा. त्याचे फाउंड्रीचे दोस्त बोलवायचे. कार्यक्रमपत्रिका छापायच्या, वर हूपरचं चित्र. हूपरचं चित्र काढायचा प्रयत्न केला. बटाट्यासारखा दिसतोय. फिट्झ म्हणतो, टोलीडोला एकाकडे तिसरी डिस्क सुटी मिळतेय. सगळं जुळून येतंय.

२८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी नेल्डाचा फोन. म्हणाली, आज ये. मी विचारलं, कितीला येऊ? म्हणाली, आज ये डेन, आत्ता.

यापुढे कुणी मला दोष देऊ नये म्हणून लिहून ठेवतो. मी ठरवलं. बॉक्स घ्यायचा आणि त्याच्यासमोर फोडायचा. मनापासून ठरवलं. टीव्ही एकट्याने उतरवला, पाठ धरलेली असताना. पिकअपमध्ये चढवला तर तो सरकायला लागला. मग गॅरेजमधून दोर शोधले. गोधड्या खाली घातल्या, वरून ताडपत्री बांधली. प्लेयरच्या वायरी विसरलो म्हणून परत आत. बॉक्स शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. सावकाश चालवली. अख्ख्या रस्त्यावर बर्फ साचलेला, टीव्हीची काच फुटली असती तर सगळंच मुसळ केरात.

नेल्डा दारातच उभी होती, कोट न घालता. मी म्हटलं, दार धर, टीव्ही जड आहे. ती म्हणाली, उतरवू नकोस.

ओरिन खिडकीकडे तोंड करून होता. नळी काढून ठेवली होती. गाडी दिसेल म्हणून त्याने सकाळपासून उशी उंच करून घेतली होती, असं ती म्हणाली.

टीव्हीला ओरखडाही नाही.

३ मार्च
दफन झालं. नंतर चर्चच्या तळघरात हॅम, चीजमधले बटाटे, जेली. बायका सारखी माझी ताटली भरत होत्या. फाउंड्रीतला जाडा रस्टी ओरिनच्या आठवणी सांगता सांगता म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत हा आम्हाला ते कासवाचं कार्टून अख्खं करून दाखवायचा, विहिरीत पडायचा, पुन्हा दारात यायचा, आणि तो शेवटचा केक! सगळं टेबल हसलं. नेल्डासुद्धा. मी उभा राहून सांगितलं की ओरिनने शेवटी बॉम्ब कबूल केला होता, स्वतःच्या तोंडाने. रस्टीने मला कॉफी हवी का विचारलं.

६ मार्च, शनिवार
फोडला.

का ते माहीत नाही. न्याहारीनंतर बसलो होतो, भाजीची सुरी हातात होती. प्लॅस्टिकचा आवाज झाला, बस, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी होईल.

तिसरी डिस्क लावली. पडदाभर ठिपके. लाल, हिरवे, पांढरे, वळवळणारे. प्लेयर साफ केला, वायरी बदलल्या. पहिली डिस्क तशीच, दुसरी त्याहून वाईट. फिट्झला फोन केला. म्हणाला, अरे, त्या सगळ्या बॅचला ते होतं. दोन थर चिकटवलेत ना, तो डिंकच आतून कुजतो. सीलबंद असली तरी. सीलबंदवाल्यांनाच उशिरा कळतं बिचाऱ्यांना.

एवढी वर्षं मी त्या बॉक्सवरची धूळ मऊ फडक्याने पुसत होतो आणि आत डिस्क सडत होत्या.

तरी बघितलं. ठिपक्यांच्या आड हूपर होता, विहीर होती, दार होतं. बुलडॉगने पार्सल हातात घेतलं, दोरी तोडली. सुरसुर सुरू झाली. आणि माझे डोळे मिटले. आपोआप. नाकात ओल्या लोकरीचा वास आला, ओरिनच्या कोटाचा. तेव्हाही मी हेच केलं होतं. सुरसुर ऐकली आणि त्याच्या कुशीत तोंड खुपसलं. धडाम झालं तेव्हा त्याचा हात माझ्या कानावर होता. मी काही पाहिलंच नव्हतं.

मागे घेऊन परत लावलं. पापण्या बोटांनी धरून ठेवल्या. पार्सलात केक आहे. मोठा, गुलाबी. बुलडॉगचा वाढदिवस असतो. इतका वेळ ज्याला मारलं त्यानेच केक आणला म्हणून तो ढसाढसा रडतो, हूपरला मिठी मारतो. केकवर मधोमध एक लाल मेणबत्ती. ती मेणबत्ती नाही. ती डायनामाइटची कांडी आहे.

दोघंही बरोबर होतो! उभा राहून ओरडलो. फोन उचलला, त्याचा नंबर अर्धा फिरवला, आणि ठेवला.

७ मार्च, रविवार
चर्चनंतर नेल्डाकडे गेलो. चांगली बातमी आहे म्हटलं. बाहेरच्या खोलीतली खाट गेलीय, गालिच्यावर तिच्या पायांचे खळगे आहेत. मी नेल्डाला बसवून सगळं सविस्तर सांगितलं, केक, मिठी, मेणबत्ती, डायनामाइट. म्हटलं, म्हणजे भांडणच नव्हतं, तोही बरोबर, मीही बरोबर.

ती म्हणाली, हो, मला माहीत आहे. तो नेहमी तसंच सांगायचा. केक होता, आणि त्या केकवर मेणबत्तीच्या जागी बॉम्ब. मला सांगायचा, फाउंड्रीतल्या पोरांना सांगायचा, नर्सलासुद्धा सांगितलं.

मी म्हटलं, मला कधी नाही सांगितलं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, ते बरं झालं असतं. मग म्हणाली, डेन, तू त्याला कधी पुढचं बोलू दिलंस?

निघताना तिने डब्यात चिली दिली. दारात म्हणाली, ती जुनी टेप सापडली तर तेवढी आणून दे. मध्ये गाद्यांची जाहिरात लागली की तो त्यातलं गाणं म्हणायचा. मी म्हटलं, शोधतो.

घरी आलो तर दारात पार्सल. टोलीडोहून तिसरी डिस्क. फिट्झने शब्द पाळला. कोपरे शाबूत, वजन बरोबर.

फोडलं नाही. आत काय आहे ते मला माहीत आहे.