गल्लीभर फिरलेल्या चार खुर्च्या

तीर्थस्वरूप भावोजींस,

घाटकोपरहून गुणाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. आक्काचा गुडघा आता कसा आहे? माझं बीपी ठीक आहे असं डॉक्टर म्हणतात, पण त्यांचं यंत्र जुनं आहे, त्यामुळे मला भरवसा वाटत नाही.

पत्रास कारण की, माझी झोप उडाली आहे. मागे एक संस्था आमच्या गल्लीत पाहणीला आली. सगळ्यांत गरीब घरांना ती वर्षभर किराणा देणार होती. कमाई विचारली की लोक खोटं सांगतात (मीही सांगितलं असतं), म्हणून श्रुतिका नावाची मुलगी घरातल्या वस्तू टिपणार आणि त्यावरून कॉम्प्युटर कमाईचा अंदाज काढणार. आता परकी पोर पहिल्यांदा घरी येणार, तिला जमिनीवर कसं बसवायचं? समोरच्या राजेशकडून मी चार खुर्च्या, टेबलफॅन आणि मिक्सर आणला. (मिक्सर कशाला? आमची ही म्हणाली, शोभा येते.) पोर चपला घालेपर्यंत ते सगळं मागच्या बोळातून शेजारच्या जानकीकडे पोचलं. जानकी विधवा, एक नात सांभाळते, कपड्यांचे धागे कापून कसंबसं भागवते. मी जरा कचरलो, तर तीच म्हणाली, "पोरगी काय जमनीर बसतली?" तिथून खुर्च्या पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. मोबाइलमध्ये मान घालून श्रुतिका म्हणालीसुद्धा, "आजोबा, तुमच्या गल्लीत सगळ्यांची आवड एकसारखी आहे हो!"

निकाल लागला. गरीब-श्रीमंतातली तफावत म्हणे शून्य ते एक अशी मोजतात. शून्य म्हणजे सगळे सारखे. (मी सातवीपर्यंतच शिकलो, पण शून्य मला कळतं.) आमची गल्ली जवळजवळ शून्यावर आली, संस्थेच्या साहेबांनी अभिनंदन केलं आणि किराणा मागच्या गल्लीला दिला. राजेश हसतो, "काका, मिक्सर माझा, गरिबी गेली सगळ्यांची!" मला हसू येत नाही. जानकीची चूल माझ्या पाहुणचारापायी अडली आहे.

म्हणून मी संस्थेत जाऊन सगळं सांगून टाकलं. श्रुतिकाने आधी डोकं धरलं, मग पोट धरून हसली. रविवारी ती पुन्हा येते आहे. माझा निश्चय पक्का आहे. राजेशचं सामान राजेशच्या घरात कुलूपबंद, बोळाच्या तोंडाशी मी स्वतः उभा राहणार. जानकीचं घर जसं आहे तसंच दिसलं पाहिजे: एक स्टोव्ह, एक पत्र्याची ट्रंक, एक नात. हयगय होणार नाही.

आपला,
गुणाजी

ता. क. रविवारी तुमच्या निलेशबरोबर विक्रोळीहून एक खुर्ची पाठवून द्यावी. एकच. जानकीकडे ठेवायची आहे. पोर दुसऱ्यांदा येते आहे, जमिनीवर बसली तर बरं दिसत नाही.

ता. क. खुर्चीच्या पाठीवर खडूने 'विक्रोळी' असं ठळक लिहावं, म्हणजे ती मोजली जाणार नाही.

ता. क. आक्काला यातलं काही सांगू नका. ती सोबत मिक्सर देईल.