गाठीपुरती दोरी

मोहगाव,
पोळ्याचा दुसरा दिवस

आदरणीय केशवदादा यांना मोहगावच्या जावयाचा साष्टांग नमस्कार.

वहिनींची कंबर, आंबिया बहाराची संत्री आणि तुमचा राग, या तिन्हींची प्रकृती कशी आहे ते कळवावे (काळजी याच क्रमाने आहे). आम्ही सगळे मजेत आहोत. मला थोडी सर्दी आहे, पण तिचा खुलासा पुढे येईलच. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरात फोनवर बोललेलं तुमच्या बहिणीला, जयश्रीला, दोन खोल्या पलीकडे ऐकू येतं, आणि पत्र मात्र पाकिटात बंद होतं, म्हणून.

तर झालं असं. आपली ऋतुजा नागपूरहून पोळ्याला आली ती पाठीवर हॅमॉक घेऊन. हॅमॉक म्हणजे दोन झाडांना बांधायची कापडी झोळी. तिच्यात मोठ्या माणसांनी झोपायचं आणि पाऊस लागू नये म्हणून वरच्या दोरीवर ताडपत्री ताणायची. ऋतू, मानसी आणि डिंपल अशा तिघी मैत्रिणी सातपुड्यात जाणार आणि अशा झोळ्यांत झोपणार. पोरीने वर्षभर या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. जयश्रीने ऐकून घेतलं आणि पोळ्या लाटता लाटता निकाल दिला, "आधी आपल्या वावरात झोपून दाखव. पावसात पाठ कोरडी राह्यली त जाय. नाही राह्यली त पुन्हा नाव काढू नको."

म्हणजे पोरीचं जाणं आता दोरीवर आलं. आणि घरात सव्वीस वर्षं गणित शिकवणारा माणूस असताना दोऱ्यांची लांबी दुसऱ्या कोणी ठरवावी, हे मला पटेना. वावराच्या बांधावर कडुनिंब आणि आंबा शेजारी आहेत. मी टेप घेऊन बुंध्यापासून बुंध्यापर्यंत अंतर मोजलं. ताडपत्रीच्या कोपऱ्यांच्या दोऱ्या कर्ण धरून काढल्या, दोनदा ताळा केला, आणि कागद खिशात घालून सौंसरच्या बाजारात गेलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडचं दोरीचं दुकान कसं असतं ते तुम्ही जाणताच. तिथे मीटर कोणी विचारत नाही. दुकानदाराने मला बसायला स्टूल दिलं आणि म्हणाला, "जनावर कोणतं हाये, सर?" मी म्हटलं, ताडपत्री. "मंग वाऱ्यानं ओढ घेत असंन. गोऱ्ह्याच्या हिशेबानं देतो," असं म्हणून त्याने लाल-पिवळे कासरे काढले. प्रत्येकाला गोंडे. साधे नव्हते, कारण सणाला साधा कासरा नेतो कोण? मी कागद पाहून तिथेच ते मापात कापून घेतले. ऋतू फोनवर ओरडत होती, "बाबा, कापू नका ना! लांब दोरी गुंडाळून ठेवता येते!" पण उरलेली दोरी लोंबकळत ठेवणं मला हिशेबात चूक राहिल्यासारखं वाटतं (हा स्वभाव तुम्ही माझ्या लग्नापासून पाहिला आहे).

पोळ्याच्या दुपारी बांधावर बांधायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की दोरी झाडापासून झाडापर्यंत बरोबर पुरते. पण झाडाभोवती गुंडाळायला उरत नाही आणि गाठीला तर मुळीच नाही. पायथागोरसने गाठीचा उल्लेख कुठेच केलेला नाही, दादा. शेवटी कडुनिंबाच्या बाजूला तिला वेसणीचा तुकडा जोडला, आंब्याच्या बाजूला नुसती टोकं एकमेकांत अडकवली, आणि वर ताडपत्री ताणली. गोंडे वाऱ्यावर झुलत होते. फार सुरेख दिसत होतं.

तेच नडलं. शेजारचा गुणवंता बैल सजवून, पोळा भरतो त्या आखराकडे निघाला होता. दोन झाडांमधली गोंड्यांची दोरी पाहून तो थबकला आणि बैल तिच्याखाली आणून उभे केले. म्हणाला, "सर, अवंदा तोरण तुमीच बांधून राहिले का जी? आंब्याचे पानं राह्यले लावाचे!" मी काही सांगायच्या आत त्याच्या मागच्याने पानं खोचली, तिसऱ्याने नारळ पुढे केला आणि कोणीतरी झडत्यांची गाणी म्हणायला सुरुवात केली. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की शेवटी काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. तोरण तोडतात. पानांसाठी लोकांनी उड्या मारल्या, आंब्याकडची टोकं सुटली, आणि ताडपत्री अलगद गुणवंताच्या पवळ्या बैलावर येऊन बसली. पवळ्याला ती झुलीपेक्षा आवडली असावी. तो तशीच पांघरून रुबाबात आखरावर गेला, आणि तिथे त्याच्या झुलीचं कौतुक झालं असं मागाहून कळलं.

ऋतू धावत जाऊन ताडपत्री घेऊन आली. तिचा चेहरा रडवेला झाला होता, आणि दादा, तो पाहून मला फार वाईट वाटलं. आभाळ भरून आलं होतं, जयश्री पलीकडच्या बांधावरून पाहत होती. पोरीने पिशवीतून स्वतःची लांबलचक, न कापलेली दोरी काढली, झाडाला दोन वेढे दिले, सरकती गाठ मारली आणि उरलेली गुंडाळून लटकवली. माझ्या कासऱ्याचे गोंडे तेवढे काढून तिने झोळीच्या पट्ट्यांना बांधले. पट्ट्यांवरून वाहत येणारं पाणी गोंड्यावरून खाली टपकतं, झोळीत येत नाही म्हणे. एवढा एक माझा वाटा.

मग ती झोळीत आडवी झाली आणि पाऊस असा कोसळला की विचारू नका. मी बाहेर उभा राहून कोपऱ्याची आखूड दोरी हाताने ताणून धरली होती (सर्दीचा खुलासा झाला). पाऊस उघडल्यावर जयश्री आली, तिने पोरीच्या पाठीखाली हात घालून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाली, "जाय. पण फोन करत जाजो." ऋतूने तिच्या गळ्यात हात टाकले. माझे डोळे भरून आले. चेहरा पावसाने आधीच ओला होता, म्हणून कोणाला कळलं नाही.

वहिनींना नमस्कार, पंकजला आशीर्वाद.

आपला,
दत्तात्रय

ता. क. : पोरगी गावात फिरायला गेली तेव्हा मी झोळीत आडवा होऊन पाहिलं असं समजा. समजा कशाला, पाहिलंच आहे, आज सकाळी. दादा, पाठदुखी कुठल्या कुठे गेली! दुसरी झोळी मागवली आहे. तुमच्या संत्र्याच्या बागेच्या बांधावर दोन जुनी आंब्याची झाडं आहेत. त्यांच्यामधलं अंतर मोजून कळवा. बुंध्यांचे घेरही कळवा.

दुसरा ता. क. : जयश्रीला यातलं काही कळता कामा नये. माझ्या वयाला हे शोभत नाही असं ती म्हणेल. मी संत्र्याच्या फांद्यांना टेकू लावायला मदत करायला येतो आहे, असं तुम्हीच तिला सांगा.

(याखाली दुसऱ्या अक्षरात)

दादा, पाकिटाला डिंक लावाले हे माह्याकडंच घेऊन आले. झाडं दोघांचं वजन पेलतीन अशी पाहा.
— जयश्री